तोंड बांधायचे दिवस

कपाटातला सुती स्टोल बाहेर निघाला की आमच्या अमरावतीत उन्हाळा लागला असं समजायचं. कॅलेंडर काहीही म्हणो. होळीची राख निवते न निवते तोच सकाळचं ऊनसुद्धा मानेवर चटके द्यायला लागतं, आणि मग शहरातल्या झाडून सगळ्या बायका, पोरी, म्हाताऱ्या तोंडं बांधू लागतात. स्टोलचं एक टोक कपाळावरून, दुसरं नाकावरून, मागे गाठ, उरलेल्या कापडाचा गळ्याभोवती एक वेढा, वर काळा गॉगल, हातात कोपराच्या वर जाणारे मोजे. एवढं केल्यावर बाईचं काय दिसतं? काही दिसत नाही. गेल्या वर्षी पेट्रोल पंपावर माझा नवरा रांगेत माझ्याच मागे होता आणि "ओ ताई, गाडी जरा पुढं घ्या ना," असं मलाच म्हणाला. मी मुकाट्यानं घेतली पुढं. घरी आल्यावर सांगितलं तर म्हणे, आवाज द्यायचा ना. इतक्या वर्षांच्या संसारात एवढ्या आदराने तो पहिल्यांदा बोलला होता, मी कशाला आवाज देऊ?

याला आमच्याकडे तोंड बांधणं म्हणतात. "तोंड बांधून जाय व, ऊन लय आहे," असं चांदूर बाजारहून आई फोनवर सांगते. पुण्याची माझी एक जाऊ हे पहिल्यांदा ऐकून दचकली होती. तिला वाटलं, माहेरची माणसं हिला गप्प बसायला सांगताहेत. आणि बांधलेलं तोंड उलगडायचं झालं की आमच्याकडे ते 'सोडायचं' असतं. आमच्या कॉलेजात वानखडे म्हणून शिपाई आहेत. परीक्षेच्या दिवसांत ते फाटकाजवळ खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगतात, "तोंड सोडा व पोरीहो, तोंड सोडा." शिष्ट मराठीत तोंड सोडणं म्हणजे वाट्टेल तसं बोलणं. इथे मात्र मुली निमूटपणे गाठी सोडतात, हॉल तिकिटावरचा फोटो चेहऱ्याशेजारी धरतात, आणि वानखडे मान हलवतात.

यंदाही परीक्षा लागल्या आहेत आणि वानखडेंचा आवाज व्हरांड्यातून इथवर येतो आहे. मी पर्यवेक्षकांच्या खोलीत बसले आहे. कूलरमध्ये पाणी नाही, नुसताच गरम वारा फेकतो आहे. खरं सांगायचं तर मी थकले आहे. हा थकवा नुसत्या उन्हाचा नाही. कालपासून आमच्या प्राध्यापकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतो आहे. कुणी परदेशी गायिका आहे, तिने तोंडावर काळा झिरझिरीत पडदा घेतला आहे, बाकी अंगावर फारसं काही घेतलेलं नाही, आणि गाणं संपता संपता ती तो पडदा वाऱ्यावर सोडून देते. त्यावर सकाळपासून संदेशांचा पाऊस आहे. एक म्हणतो दडपणाविरुद्ध बंड, दुसरी म्हणते धर्माची टिंगल, तिसरा म्हणतो निवडीचं स्वातंत्र्य, चौथ्याने नुसताच हात जोडल्याचं चित्र टाकलं आहे. दरवर्षी असं काहीतरी येतं. गायिका बदलते, शब्द तेच राहतात. मी ग्रुपचा आवाज बंद केला, आणि मला सानिया आठवली.

सानिया माझी एम.ए.ची विद्यार्थिनी. काही वर्षं झाली त्याला. अकोल्याची. वडिलांचं तिथे कूलर दुरुस्तीचं दुकान. उन्हाळ्यात माणूस जेवायला उठत नाही अशी गर्दी आणि पावसाळ्यात माशा मारायच्या, असा तो धंदा. अकोल्याहून सकाळच्या गाडीने ती बडनेऱ्याला उतरायची, तिथून ऑटोने कॉलेजात. काळा बुरखा, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, आणि उन्हात उतरली की तोंडावर नकाब. वर्गात आली की नकाब वर करायची, वही काढायची आणि पहिल्या बाकावर बसून माझ्या चुका काढायची. शिकवताना मी एखाद्या लेखकाचं साल चुकले तर तास संपेपर्यंत थांबायची, मग टेबलाजवळ येऊन हळूच सांगायची, "मॅडम, ते जरा पाहून घ्या." मला ती फार आवडायची. मुलं आवडण्याचं काही ठरावीक कारण नसतं, पण आपण शिकवलेलं कुणीतरी खरंच ऐकतं आहे, याचा शिक्षकाला किती आधार असतो हे शिक्षकालाच कळतं.

शेवटच्या वर्षी लघुप्रबंध असतो, आणि तिची मार्गदर्शक मी होते. सानियाने विषय आणला तो पाश्चात्त्य मालिका, गाणी, जाहिराती आणि कार्टूनमध्ये मुसलमान बायकांच्या पडद्याला काय काय अर्थ दिले जातात, हा. मी म्हटलं, नक्की? तर म्हणाली, "हाव मॅडम. मी हे सगळं पाह्यलेलं आहे. अब्बाले वाटते पोरगी अभ्यास करून राह्यली, अन् मी मोबाइलवर सीरियल पाहून राह्यली." विषय तिचा तिने आणला होता, हे मला इथे ठासून सांगायचं आहे, कारण पुढे सगळेच ते विसरले.

आणि काय सुरेख पाहिलं होतं तिने. तिचं म्हणणं असं, की टीव्ही-मोबाइलच्या पडद्यावर ओढणीवाल्या मुलीला दोनच कामं असतात. एक तर ती ओढणी काढते आणि सुटते, नाहीतर ती ओढणी अभिमानाने बांधते आणि जिंकते. तिसरं काम नाही. ती बँकेत पासबुक भरायला जात नाही, तिला सर्दी होत नाही, तिची बस चुकत नाही. जाहिरातीत ती पळते, पण ती कंपनीचं मन किती मोठं आहे हे दाखवायला पळते. कार्टूनमध्ये ती उडते, तेव्हा ओढणीही झेंड्यासारखी उडते. गाण्यात गोरी गायिका तेच कापड तीन मिनिटं दागिन्यासारखं घालते आणि गाणं संपलं की उतरवून ठेवते. "कापडच बोलते मॅडम," सानिया म्हणायची, "बाई गप्प राहते. अन् एकीलेही कदी पिन टोचत नाई. घामानं कपाळ खाजवत नाई. जिथं पाहाल तिथं वारा सुटलेला. अकोल्यात कुठी असते मे महिन्यात वारा?"

हे तिने इंग्रजीत फार चांगलं लिहिलं. मग विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे मराठीत सारांश द्यायचा होता, त्यासाठी आम्ही दोघी एका शनिवारी बसलो. तिथे अडलं. परदेशी लोकांच्या 'व्हेल' या एका शब्दाला आपल्याकडे पडदा म्हणावं, नकाब म्हणावं, बुरखा म्हणावं, की ओढणी? पडदा लिहिलं तर सिनेमाच्या पडद्याशी गोंधळ. मी म्हटलं, चालेल, पडद्यावरचा पडदा असंच नाव देऊ. ती हसली. मग बुरख्यावर आलो, आणि तिने टेबलावरचा पेपर पुढे ओढला. आतल्या पानावर कुठल्याशा पुढाऱ्याचा बुरखा फाडल्याची बातमी होती. "अब्बाच्या दुकानात मी लहानपणापासून पेपर वाचते," ती म्हणाली. "तुमच्या मराठीत बुरखा नेहमी फाडतेच काहून? नाई त मंग कोणीतरी लबाड माणूस तो पांघरते. सभ्यतेचा बुरखा, समाजसेवेचा बुरखा. घालत कोणीच नाई." मी मराठीत जन्मले, मराठीत वाढले, असले मथळे हजारदा वाचले; माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आम्ही ओढणी हा शब्द ठेवला. तिला तोही पूर्ण पटला नव्हता, पण तो निदान कुणी फाडत नाही, असं म्हणून तिने लिहून टाकला.

स्टाफरूममध्ये तिच्या विषयाची चर्चा तिच्यापेक्षा जास्त झाली. देशमुख सर तेव्हा विभागप्रमुख होते. सज्जन माणूस, मुलींनी शिकावं म्हणून खेड्यापाड्यांत जाऊन बापांच्या पाया पडलेला. त्यांचं मत असं, की पडदा म्हणजे गुलामी, आणि तिकडचे लोक त्याला फॅशन म्हणून मिरवतात हा शुद्ध दांभिकपणा. आमच्या ठाकरे मॅडम नुकत्याच लागलेल्या, नव्या विचारांच्या. त्यांचं म्हणणं, बाईला काय घालायचं ते बाई ठरवेल, तुम्ही कोण सांगणारे? दोघंही तावातावाने बोलत. डबे उघडे राहत, वरणाला साय धरत असे. एकदा असाच वाद रंगलेला असताना मी दाराकडे पाहिलं, तर सानिया फाइल छातीशी धरून उभी. प्रबंधावर तिला विभागप्रमुखांची सही हवी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ठाकरे मॅडम अगदी तिच्याचसाठी भांडत होत्या, आणि तिला 'ये, बस' म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्याच दिवशी देशमुख सरांनी तिची तिन्ही प्रकरणं चाळली आणि फाइल मिटली. म्हणाले, "बेटा, छान आहे. पण यात तू कुठं आहेस? हे तीन चॅप्टर कोणीही लिहील. तू हे आतून लिहू शकतेस. स्वानुभवाचं एक प्रकरण जोड, मग मी सही करतो." अतिशय प्रेमाने म्हणाले. सानियाने थोडा विचार केला. मग म्हणाली, "सर, माया वर्गातल्या प्रतीकनं लढाईच्या सिनेमावर लिहिलं. त्याले तुमी लढाईवर जाऊन ये म्हणलं का?" सर हसले. त्यांना ते उत्तर आवडलंही. पण सही केली नाही.

सही नाही म्हणजे प्रबंध जमा नाही, आणि प्रबंध नाही तर वर्ष गेलं. तिला पुढे पीएच.डी. करायची होती. अब्बांनी एवढं वर्ष मागे-पुढे न पाहता रोजचं गाडीभाडं दिलं होतं, पुढच्या वर्षाचा शब्द नव्हता. पण मला आठवतं, त्या दुपारी ती वर्षाबद्दल बोललीच नाही. स्कूटीवर मागे बसून ती एवढंच म्हणाली, "म्हणजे जे मी लिहिलं ते कोणी वाचणारच नाई."

मी तिला बडनेऱ्याच्या ऑटो स्टँडवर सोडायला निघाले होते. वाटेत रसवंतीवर थांबलो. त्या दिवशी माझा स्टोल काळा होता. पांढरा धुवायला पडला होता. मी पुढे काळ्या स्टोलमध्ये, मागे ती नकाबात. रसवाला फडक्याने बाकडं पुसून अदबीने म्हणाला, "आओ आपा, बैठो. बेटी को बर्फ कम डालूँ क्या?" मी आवाज बदलून 'हाँ भाई' म्हटलं. मला इतकी मजा वाटली, की गाठ सोडेपर्यंत माझं हसू थांबेना. मी सोडल्यावर कपाळावरची टिकली पाहून तो ओशाळला, लगेच मराठीत आला, "मॅडम, माफ करा, उन्हात काई समजत नाई." मी म्हटलं, माफ कशाला करू, बरोबरच ओळखलं तुम्ही. सानिया मात्र पेल्यातला बर्फ चमच्याने खालीवर करत बसली होती.

मग मी तिला माझ्या आईचं सांगितलं. आमची शेती चांदूर बाजारच्या बाजूला, संत्र्याची. आई बागेत असली की डोक्याला फडकं गुंडाळून गड्यांच्या बरोबरीने काम करायची, आणि आजोबा बांधावर दिसले की तेच फडकं फेकून पदर पुढे ओढायची, पार नाकापर्यंत. एकदा पदर ओढण्याच्या नादात तिचा पाय पाटात गेला आणि घोटा मुरगळला. आजोबांनी गाडी जुंपायला सांगितली, पण तोंड वळवूनच सांगितली, कारण सून लंगडताना पाहायची नसते. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही सासऱ्यांसमोर वर्षभर पदर होता. पुढे मी तो सोडला तेव्हा घरात चार दिवस अबोला होता, आणि नंतर कुणाला आठवलंही नाही. त्यावर कुणी प्रबंध लिहिला नाही, कुणी व्हिडिओ काढला नाही. तेव्हा, मी सानियाला म्हटलं, तू उगीच मनाला लावून घेऊ नकोस. इथे आपण सगळ्याच तोंड बांधून फिरतो. या गावात तुझं आणि माझं सारखंच आहे.

मला वाटलं तिला बरं वाटेल. तिने पेला खाली ठेवला.

"सारखं नाई मॅडम," ती म्हणाली. "तुमी उन्हासाठी बांधता. मी उन्हासाठी नाई बांधत. त्या रसवाल्यानं तुमाले आपा म्हणलं त तुमाले मजा आली, कारण पाच मिनिटांनी तुमी सोडणार होत्या. तुमी मले तुमच्यासारखी करून वाचवून नका राहू. मी तुमच्यासारखी नाई, एवढं त राहू द्या."

मी उठून रसाचे पैसे दिले. तिने का बांधलं, घरून सांगितलं म्हणून, की मनाने, की श्रद्धेने, की हे सगळं एकत्र, की सवय झाली म्हणून, हे मी तिला कधी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. एवढंच माहीत आहे, की तिच्या सख्ख्या मामेबहिणीला बळजबरीने बांधायला लावलं होतं, ती रडून रडून दमली होती आणि लग्नानंतर पुण्याला जाऊन तिने ते काढून टाकलं. सानिया हे लपवत नसे. "तिले इचारा, ते सांगते. तिचं खरं आहे," म्हणायची. जगात कुठे ते काढलं म्हणून बायका मार खातात आणि कुठे ते घातलं म्हणून मुलींना वर्गाबाहेर उभं करतात. दोन्ही बातम्या एकाच पेपरात येतात, आणि आमचा ग्रुप आपापल्या सोयीची बातमी उचलतो. मला पूर्वी वाटायचं, या वादात आपली बाजू कुठली ते एकदा ठरवून टाकावं. आता वाटतं, माझी बाजू ठरल्याने त्या दारात उभ्या राहिलेल्या मुलीला बसायला खुर्ची मिळणार आहे का? नाही ना? मग मी थकले आहे म्हणून कुणी मला नावं ठेवू नयेत.

सानिया आता अकोल्यात एका शाळेत इंग्रजी शिकवते. पीएच.डी. झाली नाही. त्या वर्षी तिचा प्रथम वर्ग थोडक्यात हुकला आणि मग एकातून एक गोष्टी होत गेल्या, तशा सगळ्यांच्याच होतात. परवा तिचा फोन आला होता. शाळेतल्या मुलांना कवितेतलं उपमान कसं समजवावं यावर आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी मी म्हटलं, आमच्या विभागात व्याख्यानाला येशील का, हल्ली तुझ्या विषयावर पुन्हा बरीच चर्चा चालू आहे. ती म्हणाली, "मॅडम, दुसऱ्या कशावरही बोलवा. व्याकरणावर बोलवा. मी बोलून बोलून नाई थकली, मी इचारल्या जाऊन जाऊन थकली." मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, ज्या विषयावर ती एवढ्या हौसेने आली होती, तोच तिला नको झाला. त्याचं मला फार वाईट वाटतं. एखाद्याची हौस मारायला वाईट माणसंच लागतात असं नाही.

सरांनी मागितलेलं ते स्वानुभवाचं प्रकरण मात्र तिने तेव्हा लिहिलं. आठवड्याभराने आणून दिलं. सरांनी जाडी पाहिली, मथळा पाहिला, खूश होऊन सही केली. वाचलं मी. त्यात अकोल्याचं स्टेशन होतं. सकाळच्या गाडीत खिडकीसाठी होणारी भांडणं होती. मूर्तिजापूरला चढणारी एक पेरूवाली होती, जी सानियाच्या पुस्तकातली चित्रं पाहायला मागायची. दुकानाच्या मागे वाळ्याच्या ओल्या ताट्यांच्या वासात बसून केलेला अभ्यास होता. बहिणीशी एकाच मोबाइलवरून होणारी मारामारी, तिला प्रेमाच्या मालिका हव्यात आणि हिला खुनाच्या. बी.ए.ला एका पेपरात नापास झाल्यावर दोन दिवस कुणाशी न बोललेली सानिया होती, आणि तिसऱ्या दिवशी तिच्यासाठी शहरभर हिंडून जुनी गाइडं शोधून आणणारे अब्बा होते. फार गोड लिहिलं होतं. वाचताना मी दोनदा हसले आणि अब्बांपाशी माझे डोळे भरून आले.

तोंडी परीक्षा मेच्या मध्यावर होती. पुण्याहून परीक्षक बाई आल्या होत्या, गाडीतून उतरताना इथल्या उन्हाने त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि फाटकातून येणाऱ्या तोंड बांधलेल्या मुलींचा लोंढा पाहून त्यांनी मला हळूच विचारलं होतं, "तुमच्याकडे या समाजाच्या मुली बऱ्याच शिकतात वाटतं?" मी म्हटलं, शिकतात. जास्त काही बोलायचं त्राण नव्हतं. खोलीत त्या, देशमुख सर, मी आणि समोर सानिया. तिने नकाब वर केलेला, हात मांडीवर. मला माहीत होतं, गेला महिनाभर ती तिन्ही प्रकरणं पाठ केल्यासारखी तयार करून आली होती. कुठल्या मालिकेचा कुठला भाग, कुठल्या जाहिरातीत कॅमेरा कुठे आहे, सगळं.

बाईंनी फाइल उघडली ती शेवटून. स्वानुभवाचं प्रकरण. त्या वाचू लागल्या, पानं उलटू लागल्या, पुन्हा मागे आल्या.

"यात हिजाबाचा कुठे उल्लेखच दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही मॅडम."

"का बरं?"

"स्वानुभव मागितला होता, मॅडम," सानिया म्हणाली. "माझा आहे."

देशमुख सरांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसू लागले. बाई फाइल मिटून चांगल्या शब्दांत म्हणाल्या, भाषा छान आहे, संदर्भ व्यवस्थित आहेत, अभिनंदन. पुढच्या विद्यार्थ्याला बोलवा. मार्गदर्शकाला तिथे प्रश्न विचारता येत नाही, मी बोटं मोडत बसले. सर दाराकडे पाहू लागले. सानिया उठली नाही.

"झालं बेटा," सर म्हणाले.

"काहीच नाई इचारलं," ती म्हणाली. आतापर्यंत सांभाळून बोललेली प्रमाण मराठी सुटली होती. "मी सगळं तयार करून आली मॅडम. बाकीचं जे लिहिलं त्यावर एक तरी प्रश्न इचारा ना."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे न पाहता फाइल पुन्हा पुढे ओढली, यावेळी सुरुवातीपासून उघडली, आणि वाचत राहिल्या. आम्ही थांबलो. दारात पुढचा मुलगा आला, सरांनी हातानेच त्याला थोपवलं. बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "या दुसऱ्या प्रकरणात एक प्रसंग आहे. ती मुलगी एकटीच आरशासमोर उभी राहून ओढणी काढते. तू त्याला खोटा म्हटलं आहेस आणि कारणं मला पटली. पण हे सगळं लिहायच्या आधी, तो तू पहिल्यांदा पाहिलास, तेव्हा तुला काय झालं होतं?"

सानियाने डोक्यावरचा स्कार्फ उगीचच नीट केला. मला वाटलं, हाही प्रश्न फिरून तिथेच आला, आता ही उठून जाईल.

"रडली मी," ती म्हणाली. "खोटाच आहे तो सीन. आजही मी तेच म्हणन. पण तवा रडली. मंग परत लावला, परत रडली."

"का?"

"माहीत नाई मॅडम," सानिया म्हणाली. "म्हणूनच त हा विषय घेतला होता मी."